पिशवीतले कागद आणि आपलं नाव

मी तुमच्या गटांची समन्वयक बोलतेय. मागच्या खेपेला आपण कर्जफेडीच्या हिशेबावर बोललो होतो. आज जरा मागे जायचंय, इतिहासात. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीत. बी.ए.ला माझा इतिहास होता, तेव्हा सनावळ्यांचा मलाही कंटाळा यायचा. पण लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना तुमच्या पिशव्या उघडल्या आणि त्यात जो इतिहास दिसला, तो मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. पत्र्याच्या पेटीतली पिशवी, गादीखालची पिशवी, पिठाच्या डब्यामागे दडवलेली पिशवी. त्यात दुमडून दुमडून घडीवर फाटलेले कागद. आजची गोष्ट त्या कागदांची आहे.

ते दिवस आठवा. २८ जून २०२४ ला योजनेचा शासन निर्णय निघाला. १ जुलैपासून अर्ज आणि १५ जुलै शेवटची तारीख. ऐन पेरणीचे दिवस. पहिल्या निर्णयात रहिवासी दाखला हवा होता, अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला हवा होता, वय २१ ते ६० हवं होतं, आणि घरात पाच एकरांवर जमीन चालत नव्हती. सेतू केंद्रापुढे पहाटेपासून रांग. लेकरं कडेवर, छत्र्या मोडलेल्या, रोज बुडालेला. मग चार-पाच दिवसांतच अटी बदलल्या. वय ६५ पर्यंत गेलं, जमिनीची अट निघाली, पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको झाला. रहिवासी दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदान कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, यांपैकी काहीही चाललं. तारीखही ३१ ऑगस्टपर्यंत लांबली.

एवढं सोपं झालं, तरी आमच्या एका गटातल्या दहा जणींपैकी पहिल्या दिवशी चौघींचेच अर्ज गेले. उरलेल्या सहा जणी काही श्रीमंत नव्हत्या. सगळ्या पात्र होत्या. अडलं ते नावापाशी. एकीच्या आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं. दुसरीचं मतदान कार्डावर जे नाव आहे त्या नावानं तिला घरात कुणी हाक मारलेली नाही. तिसरीचं रेशन कार्ड सासऱ्याच्या नावावर, आणि त्यात लग्नानंतर हिचं नाव चढवायचंच राहिलेलं, तेही १४ वर्षं. चौथीचं खातं होतं, पण त्याला आधार जोडलेलं नव्हतं. त्या रात्री घरी जाताना मी विचार करत होते, की एकाच बाईची इतकी नावं झाली कशी?

याचं उत्तर शोधायला आधी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीकडे जाऊ. १९५१-५२ साल. देश नुकताच स्वतंत्र झालेला. बाई असो वा पुरुष, २१ वर्षांच्या प्रत्येकाला मत. तेव्हा वय २१ होतं, १८ नंतर झालं. सरकारी माणसं मतदार याद्या करायला घरोघरी गेली. दारात बाई. नाव विचारलं तर ती सांगे, अमक्याची आई. तमक्याची बायको. परक्या पुरुषाला आपलं नाव सांगायचं नाही, अशी रीत. यादी करणाऱ्यांनीही तसंच लिहून घेतलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. याद्या त्यांच्यापुढे आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, की मतदाराला स्वतःचं नाव हवं. बिहारमध्ये नावं दुरुस्त करायला महिनाभर मुदतवाढ दिली. तरी देशभरात सुमारे ८ कोटी महिला मतदारांपैकी जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली. मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांतल्या त्या बायका. हक्क होता, वय होतं, फक्त कागदावर नाव नव्हतं म्हणून पहिल्या निवडणुकीत त्यांचं मत गेलं.

सेन यांचं चुकलं का? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, त्या बायकांवर अन्याय झाला हे खरं, पण 'अमक्याची बायको' असं एकदा सरकारी यादीत पक्कं झालं असतं, तर ते पुढे पन्नास वर्षं तसंच राहिलं असतं. तुम्हाला काय वाटतं ते गटात बोला.

हे तिकडचं, आपल्याकडे असलं नव्हतं, असं म्हणून खूश होऊ नका. आपल्याकडे हळदीकुंकवाला कुणी म्हणालं, 'नाव घे', की आपण कुणाचं घेतो? नवऱ्याचं! आपलं नाव घे असं कुणी म्हणतच नाही. आणि लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढतात, ते विसरलात का? माझ्या आजीचं असंच झालं. तेराव्या वर्षी लग्न, सासरी दुसरं नाव. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले, नाव राहिलं.

आजीचा जन्मदाखला नव्हता. तुमच्यातल्या थोरल्या बायांचाही नसेल. ज्या बाईला २०२४ मध्ये ६५ पुरी झाली, ती जन्मली १९५९ साली. आणि जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा झाला १९६९ साली. म्हणजे ती दहा वर्षांची झाल्यावर. त्याआधी नोंद व्हायची ती कोतवाल बुकात, ज्याला गाव नमुना १४ म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात ती बुकं अजून मिळतात. जातीच्या दाखल्यासाठी मी आमच्या घरची एक नक्कल काढली होती. त्यात तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे 'मुलगी'. एवढंच. नोंद बारशाच्या आधीच व्हायची, त्यामुळे बाळाला नाव नाही. आणि आईचं नाव लिहायचं कुणाच्या डोक्यातही आलेलं नाही. जिनं नऊ महिने पोटात वागवलं, ती त्या ओळीत कुठेच नव्हती.

शाळेच्या दाखल्याचं वेगळं सांगायला नको. पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा १८४८ साली काढली, पण आमच्या आजीच्या गावात मुलींना पाटी मिळायला पुढची शंभर वर्षं गेली.

मग आला १९७२ चा दुष्काळ. तुमच्यातल्या सत्तरीपुढच्या बाया हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून फोडून हाताला आलेले घट्टे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. आज आपण ज्या रस्त्यानं तालुक्याला जातो, तसल्या कितीतरी रस्त्यांची खडी आपल्या आज्यांनी फोडलेली आहे. काम केलं की नाव लागायचं ते हजेरीपत्रकावर. मस्टर म्हणतो आपण. आजी सांगायची, की मुकादमानं पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा तिला सासरचं सांगावं की माहेरचं, तेच कळेना. ती काहीतरी पुटपुटली. मुकादमाला ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. अशी तिला तिसरं नाव मिळालं. पण त्या तिसऱ्या नावापुढे तिनं अंगठा उठवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातात पगार घेतला. त्या दिवसाचं ती शेवटपर्यंत बोलायची.

त्या दुष्काळातून रोजगार हमी पक्की झाली. वि. स. पागे यांनी त्याची कल्पना आधीच मांडली होती. दुष्काळानंतर १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, ही आपल्या राज्याची देणगी. पुढे २००५ मध्ये देशानं तोच धागा उचलला. यात एक शब्द नीट ऐका. 'मागेल' त्याला. काम आपोआप मिळत नव्हतं, ते मागावं लागायचं, आणि मागितल्याचा पुरावा लागायचा. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असं कायदा म्हणत होता. पण पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? अर्जाची तारीख असेल तेव्हापासून. तोंडी मागणीला तारीख नसते. म्हणून तेव्हाच्या मोर्चांत, संघटनांत एक गोष्ट बायकांना पढवली जायची, ती म्हणजे अर्जाची दुसरी प्रत ठेवा आणि तिच्यावर सही-शिक्क्याची पोच घ्या. आज मी बैठकीत उठता-बसता 'पोच घेतली का?' म्हणते आणि तुम्ही हसता, पण हे माझं नाही, हे त्या काळापासून चालत आलंय.

आता आजीची पुढची गोष्ट. ही सांगू की नको, असं मनात होतं. सांगते.

माझे आजोबा ऊसतोडीला गेले होते, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथंच फडात वारले. १९८५ च्या आसपासची गोष्ट. मुकादमानं आणि सोबतच्या कोयत्यांनी तिथंच अग्नी दिला, आणि आजी चार लेकरं घेऊन गावी आली. त्याआधी १९८० मध्ये राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली होती. विधवा, परित्यक्ता, अपंग, ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी. आजी पात्र होती, यात कुणालाच शंका नव्हती. कुणीतरी सांगितलं म्हणून ती चालत तालुक्याला गेली. तिथं नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागितला. दाखला कुठला? मृत्यूची नोंद जिथं मृत्यू होतो तिथं करायची असते. त्या गावात कुणी केली नाही, आमच्या गावात होऊ शकत नव्हती. नोंदीला मोजक्या दिवसांची मुदत असते, तोवर तर ती रडून उठलीही नव्हती. वर्ष उलटलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हे तिला कोण सांगणार? वर तिची नावं तीन. रेशन कार्डावर एक, मस्टरवर दुसरं, आणि कागदावर नसलेलं पण ज्याला ती आपलं मानायची ते माहेरचं तिसरं. ती दोन-तीनदा गेली आणि मग जायची थांबली. मी नववीत असताना वारली. तोवर लोकांच्या रानात खुरपत होती. एक रुपया तिला मिळाला नाही.

कुणाला दोष द्यायचा म्हणून मी हे सांगत नाहीये. त्या टेबलापलीकडच्या माणसानं नियम सांगितला. पण टेबलाच्या अलीकडे तिच्यासोबत कुणी नव्हतं. आज गट आहे. म्हणून मृत्यू झालेल्या घरी दहाव्याच्या आत आपली एक बाई जाते आणि हलक्या आवाजात विचारते, 'नोंद केली का?' सुरुवातीला लोकांना ते वाईट वाटलं. मेल्या घरी कागदाची भाषा! मला एका दिरानं दारातून परत पाठवलं होतं. आता तेच लोक फोन करतात. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर पैसे पडत नाहीत. ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेरगावी गेलेल्यांनी हे जास्तच लक्षात ठेवा. तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद करून दाखला घेऊनच गाव गाठा.

जमिनीचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर एक अख्खा कार्यक्रम करायचाय. शेतकऱ्याची योजना आली की सातबारा मागतात. २०१९ ला पीएम-किसान आली, तेव्हा पैसे ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यात गेले, राबणारीच्या नाही. सातबाऱ्यावर बाईचं नाव यावं यासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती' हाती घेतली होती. नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करायचा, आणि शंभर घरांनी असं केलं की ते लक्ष्मी मुक्तीचं गाव. १९९२ मध्ये शासनानंही पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावता येईल, असं परिपत्रक काढलं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आपल्या राज्यानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये दिला. कायदे असे भराभर आले. आणि आपण? राखीपौर्णिमेला गेलो आणि हक्कसोडपत्रावर सही करून आलो. जाऊ दे. तो वेगळा विषय आहे.

आता म्हसवडला जाऊ. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, कायमचा दुष्काळी. ही गोष्ट पुष्कळ जणींनी अर्धवट ऐकली असेल, म्हणून नीट सांगते.

नव्वदीच्या दशकात म्हसवडला रस्त्याच्या कडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई होती. तिला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते. कशासाठी? पावसाळ्याच्या आधी डोक्यावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. ती बँकेत गेली, बँकेनं एवढ्याशा पैशासाठी खातं उघडायला नकार दिला. तिथं काम करणाऱ्या चेतना गाला सिन्हा यांना वाटलं, की बँक खातं देत नसेल तर आपण बायकांनीच बँक काढू. अर्ज तयार झाला. बायकांनी प्रवर्तक म्हणून त्यावर अंगठे उठवले आणि तो रिझर्व्ह बँकेत गेला. परवाना नाकारला. कारण दिलं, की ज्या बँकेच्या प्रवर्तक निरक्षर आहेत, त्या बँकेला परवाना देता येत नाही.

हा निरोप घेऊन चेतनाताई गावी आल्या तेव्हा त्यांना रडू येत होतं, असं त्यांनीच जाहीर भाषणात सांगितलंय. पण बाया म्हणाल्या, लिहिता-वाचता येत नाही म्हणून नाकारलं ना, मग शिकू की! दिवसभर रानात, कामावर राबायच्या आणि नंतर अक्षरं गिरवायला बसायच्या. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी बाया स्वतः मुंबईला गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यांना त्यांचं म्हणणं असं होतं, की आम्हाला वाचता येत नव्हतं कारण आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती. पण हिशेब आम्हाला येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटर न घेता सांगायला लावा, बघू कोण आधी सांगतं! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या गोष्टीतलं 'व्याज तोंडी सांगतो' हे सगळ्यांना आवडतं, टाळ्या तिथं पडतात. मला मात्र मधले महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. पहिला अर्ज आणि दुसरा अर्ज यांच्या मधले. नकाराचं कारण त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि त्या कारणावरच काम केलं. आपल्याकडे अर्ज नाकारला गेला की आपण म्हणतो, 'आमचं नशीबच फुटकं' किंवा 'त्यांच्या वशिल्याचे झाले.' कधी कधी वशिला असतोही, मी नाही म्हणत नाही. पण बऱ्याचदा कारण पडद्यावर लिहिलेलं असतं आणि आपण ते विचारतच नाही. लाडकी बहीणच्या वेळी दोघी-तिघींचे अर्ज परत आले. कारण काढलं तर एकीचा फोटो धूसर, एकीच्या आधारवरची जन्मतारीख दाखल्याशी जुळत नाही. दुरुस्त केलं, पुन्हा भरलं, झालं.

पैसे खात्यात यायला लागल्यावर कागदाचा एक नवाच प्रकार सुरू झाला. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, ते आपल्याच राज्यात. नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव, आणि घेणारी एक बाई, रंजना सोनवणे. पंतप्रधान स्वतः आले होते. मग २८ ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती निघाली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त खाती बायकांची आहेत. रेशन कार्डावर तर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली १८ वर्षांवरची सर्वांत थोरली बाई हीच कुटुंबप्रमुख ठरवली. तुमच्यातल्या कितीतरी जणी कागदावर कुटुंबप्रमुख आहेत आणि त्यांना ते ठाऊकच नाही! काढा कार्ड, बघा.

आधार आणि खातं यांची गाठ नीट बसली पाहिजे. यालाच आधार सीडिंग म्हणतात. आधार बँकेला नुसतं दिलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे येण्यासाठी खातं आधारशी जोडलेलं असणं वेगळं. सरकारचे पैसे शेवटी ज्या खात्याला आधार जोडलंय त्यातच जातात, अर्जात तुम्ही कोणताही नंबर लिहा. ऑगस्ट २०२४ मध्ये राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे ३,००० रुपये आले, तेव्हा आमच्यातली एक मावशी चार दिवस बँकेत खेटे घालत होती. पैसे तिच्याच दुसऱ्या, कधीतरी उघडून विसरलेल्या खात्यात पडले होते. तिला तो आनंद झाला तो झालाच, पण चार दिवसांची झोप गेली त्याचं काय?

हे सगळं जमलं असं वाटत होतं, तोवर गेल्या वर्षीचा सप्टेंबर आला. २०२५ चा. ई-केवायसी करा म्हणून निरोप आले. त्यात स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार लागत होतं, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. म्हणजे पुन्हा 'अमक्याची बायको, तमक्याची लेक'. १९५१ मध्ये सरकार म्हणत होतं, नवऱ्याचं नको, तुझं नाव सांग. आणि आता उलटं! मागचं हेतू मला कळतो, घराचं उत्पन्न तपासायचं होतं. पण ज्यांचा नवराही नाही आणि बापही नाही, त्यांनी ओटीपी कुणाला मागायचा? यावर ओरड झाली. मुदत डिसेंबरअखेर वाढली, आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सोय झाली. पुन्हा कागद.

आमच्या ग्रामसंघात एक जण आहे. नाव सांगत नाही, ती आत्ता ऐकतेय. अकरा वर्षांपूर्वी नवरा सोडून गेला. घटस्फोट नाही, कारण कोर्टात कोण जाणार. तो जिवंत आहे एवढं ठाऊक, कुठे आहे ते नाही. टाकलेल्या बाईचा कागद नसतो, मैत्रिणींनो. विधवेचा असतो, घटस्फोटितेचा असतो, हिचा नसतो. वडील वारलेत. त्यांचा मृत्यूचा दाखला आहे का, म्हणून भावाला विचारलं. होता! सातबाऱ्यावर वारस लावायचे होते म्हणून भावांनी तेव्हाच काढून ठेवलेला. ज्या वारस नोंदीत तिनं आपला हक्क सोडला, त्याच नोंदीसाठी काढलेला दाखला तिनं आता आपल्या अर्जाला जोडला. सोबत ग्रामसंघाचा ठराव दिला, पोच घेतली. ठरावाला तिथं किती किंमत आहे मला माहीत नाही. वाट बघतोय. तिच्याशी बोलून वकीलताईंचा नंबरही काढलाय, कारण कोर्टाचा आदेश हाच पुढच्या प्रत्येक योजनेत कामाला येणारा कागद असेल.

तर आता आम्ही काय करतो ते सांगते आणि थांबते. योजना आल्यावर धावायचं नाही, असं ग्रामसंघात ठरलंय. वर्षातून दोनदा 'कागद बैठक' घेतो. प्रत्येकीनं आपली पिशवी आणायची. आधार, पासबुक, रेशन कार्ड, मतदान कार्ड, शाळेचा दाखला असेल तर तो, आणि लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र. लग्नाची नोंद १९९८ च्या कायद्यानं गावातच ग्रामसेवकाकडे होते, आणि माहेरचं नाव ते सासरचं नाव असा पूल तोच एक कागद बांधतो, म्हणून आम्ही जुन्या लग्नांच्याही नोंदी करून घ्यायला लागलोय. मग सगळे कागद सतरंजीवर ओळीनं मांडायचे आणि शाळेत जाणाऱ्या मुलींनी मोठ्यानं वाचायचे. अक्षर न् अक्षर. काना-मात्रा चुकला तर वहीत टिपायचं, कुठली दुरुस्ती कुठं होते ते लिहायचं, आणि चार-पाच जणी मिळून एकाच दिवशी जायचं. एकटीनं जायचं नाही. बैठकीत एक झेरॉक्स संच गटाच्या पेटीतही राहतो.

आमच्या इथल्या पोरी तर आणखी पुढे आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असं लिहायचा शासन निर्णय झालाय. परवाच्या बैठकीत एका बाळंतिणीनं लेकीचा जन्मदाखला आणला होता. पाचवीतल्या पोरीनं तो वाचला, आणि बाळाची आजी म्हणाली, 'परत वाच गं, मधलं नाव कुणाचं म्हणालीस?' तिनं तीनदा वाचायला लावलं.

पुढची कागद बैठक येत्या महिन्यात पहिल्या मंगळवारी, दुपारी दोनला, समाजमंदिरात. पिशवी आणा, आणि ज्यांना लागतो त्यांनी चष्मा आणा. मोबाइल चार्ज करून आणा.